रक्त का गोठत नाही: घोणस, फुरसे आणि वीस मिनिटांची काचनळी
(प्रस्तावना)

रक्त गोठण्याच्या विकारांचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तर सुरुवातीची प्रकरणे हिमोफिलियाची, यकृताच्या आजारांची आणि जंतुसंसर्गातून होणाऱ्या गुंतागुंतीची असतात. सापाच्या विषाने रक्ताचे जे होते ते शेवटाकडे एखाद्या परिच्छेदात उरकलेले असते. महाड, जुन्नर, डहाणू किंवा आजरा अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर ड्यूटी करणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. हिमोफिलियाचा रुग्ण त्याला क्वचित भेटेल. रक्त गोठणे पूर्ण थांबलेला सर्पदंशाचा रुग्ण मात्र पावसाळ्यात कोणत्याही रात्री दारात येऊ शकतो, आणि तो येतो तेव्हा रक्तविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या गावी असतो.

हे पुस्तक आधी त्या डॉक्टरसाठी आहे. त्याच्या बरोबरीने रात्रपाळीच्या सिस्टरसाठी आहे, कारण नळीत रक्त घेऊन घड्याळ बघत बसण्याचे काम बहुतेक वेळा तिच्याकडेच असते. वैद्यकीय विद्यार्थी, आशाताई, सर्पमित्र, विज्ञानाची गोडी असलेला शिक्षक यांनीही ते वाचावे. पुढच्या प्रकरणांत काही ठिकाणी रसायनशास्त्र दाट होते, पण आरंभीच सांगतो की हे क्षेत्र नवख्या माणसाला घाबरवणारे नाही. त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती नीट समजली की निदान, उपचार आणि काय करू नये हे सगळे तिच्यातून आपोआप निघते.

ती गोष्ट अशी. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठत नाही, कारण गोठण्यासाठी लागणारा माल आधीच खर्च झालेला असतो. हे विष रक्त पातळ करत नाही. ते रक्ताला गोठायला लावते, नको तेव्हा आणि नको तिथे, इतक्या वेगाने की काही तासांत, कधी तासाभरातच, साठा संपतो. त्यानंतर हिरडी दुखावली, सुई टोचली, मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, तर ती बुजवायला शरीराकडे काही उरलेले नसते.

थोडे तपशिलात जाऊ. निरोगी माणसाच्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन दर डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. जखम झाली की गोठण घटकांची साखळी एकामागून एक जागी होते, प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन तयार होते आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. हे धागे म्हणजेच गुठळीचा सांगाडा. एरवी ही साखळी जखमेपुरती चालते आणि थांबते. घोणसाच्या विषात दोन विकरे असतात. एक दहाव्या घटकाला थेट जागे करते, दुसरे पाचव्या घटकाला. फुरशाच्या विषातले इकॅरिन हे विकर आणखी पुढचा टप्पा गाठते आणि सरळ प्रोथ्रॉम्बिनवरच काम करते. वरच्या पायऱ्यांची, एवढेच नव्हे तर कॅल्शियमचीही, त्याला गरज पडत नाही. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. फायब्रिनोजेन वापरले जाते, तयार झालेले धागे शरीर लगोलग विरघळवून टाकते, आणि तपासणीत फायब्रिनोजेन मोजण्यापलीकडे खाली गेलेले दिसते.

याच विषांत रक्तवाहिन्यांची भिंत कुरतडणारी विकरेही असतात. रक्त गोठत नसले म्हणून माणूस लगेच रक्तस्रावाने जात नाही. भिंतही कच्ची झाली की धोका खरा होतो. दोन गोष्टी एकाच वेळी करणारे विष म्हणून घोणस आणि फुरसे इतके घातक आहेत.

या ज्ञानाचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण त्यात आपल्या मातीतले साप जगाच्या विज्ञानाला काहीतरी देऊन गेले आहेत. १७८१ साली इटलीचा फेलिचे फोंताना याने युरोपातल्या व्हायपर सापांच्या विषावर मोठा ग्रंथ लिहिला. विषाचा रक्ताच्या गोठण्याशी काही संबंध आहे हे त्याच्या प्रयोगांतून दिसू लागले. १७९६ मध्ये पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरचा कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ निघाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला असताना त्याने गोळा केलेल्या सापांपैकी एकाला शास्त्रज्ञांनी पुढे त्याचे नाव दिले. तोच आपला घोणस. कोकणात फुरशाचा उपद्रव इतका होता की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले होते, आणि लोक ते ढिगांनी मारून आणत. त्या काळच्या सरकारी कागदांत मेलेल्या सापांची मोजदाद काळजीपूर्वक केलेली दिसते. दंश झालेल्या माणसाच्या शरीरात काय घडते याची चौकशी मात्र पुढे बराच काळ मागे राहिली.

मग १९३४ साल येते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला तरुण डॉक्टर रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन हिमोफिलियाच्या मुलांचा रक्तस्राव थांबवण्याचा उपाय शोधत होता. लंडन प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची जबाबदारी असलेल्या बर्जेस बार्नेट यांच्या मदतीने त्याने वेगवेगळ्या सापांची विषे तपासली. घोणसाचे विष अतिशय विरळ केले तरी हिमोफिलियाचे रक्त झटकन गोठवते असे त्याला आढळले. दात काढल्यावर न थांबणाऱ्या रक्तस्रावावर ते वरून लावण्याचे औषध म्हणून बाजारातही आले. ते असे का घडते हे आज सांगता येते. हिमोफिलियात आठवा किंवा नववा घटक कमी असतो, आणि घोणसाचे विष त्या दोघांना बाजूला ठेवून थेट दहाव्याला जागे करते. त्यावेळी हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण विषाने दाखवलेल्या अशा आडवाटांवरून विचार करत करत, तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, मॅकफार्लेननेच गोठण घटकांच्या साखळीची मांडणी जगापुढे ठेवली. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली. वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी जी आकृती पाठ करतो, तिच्या पायाशी घोणस आहे.

आजही मोठ्या प्रयोगशाळेत घोणसाचे विरळ विष वापरून एक चाचणी केली जाते. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा विनाकारण गुठळ्या होणाऱ्या रुग्णांत रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडे शोधण्यासाठी ती लागते. इकॅरिनवर आधारलेली चाचणीही आहे. हृदयविकाराच्या झटक्यात वापरल्या जाणाऱ्या टायरोफिबान या औषधाची कल्पना फुरशाच्या विषातल्या एका रेणूवरून सुचली. विषावर काम करणाऱ्या माणसाला या गोष्टी माहीत असाव्यात असे मला मनापासून वाटते. शत्रू म्हणून बघितलेल्या गोष्टीकडे कुतूहलाने बघता आले नाही, तर तिच्यावर उपचारही नीट सुचत नाहीत.

आता ओळखण्याकडे वळू. इथे मी सविस्तर थांबणार आहे, कारण माणसे इथेच वाचतात किंवा जातात.

रुग्ण क्वचितच सांगतो की मला घोणस चावला. तो म्हणतो, पान लागलं. कोकणात म्हणेल, किरडू डसलं. पुष्कळदा फक्त काहीतरी चावलं म्हणतो, कारण अंधारात, गवतात, भाताच्या पेंढ्यात हात घातल्यावर त्याने काही पाहिलेलेच नसते. फुरसे तर एवढेसे असते, बहुधा हातभरही नाही, आणि जखमेची खूण इतकी बारीक की घरच्यांना काटा वाटतो. म्हणून साप ओळखण्याचा हट्ट धरू नये. साप मारून पिशवीतून आणायला सांगणे तर मुळीच नको. दुसऱ्या माणसाला दंश होण्याचा तो सोपा मार्ग आहे. आपल्या देशातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर मिळून बनवलेले असते. उपचार ठरवण्यासाठी सापाचे नाव नसले तरी चालते. रुग्णाच्या रक्ताने उत्तर दिले की पुरते.

हे उत्तर मिळवण्याची रीत इतकी साधी आहे की तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. काचेची नवी, स्वच्छ, कोरडी टेस्ट ट्यूब घ्यायची. शिरेतून ताजे रक्त दोन-तीन मिलिलिटर काढून तिच्यात सोडायचे. नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला कोणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर गोठणे थांबले आहे आणि प्रतिविष सुरू करायचे. गुठळी नळीला धरून बसली, तर त्या क्षणापुरते गोठणे शाबूत आहे. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नायजेरियात फुरशाच्या जातीच्या सापांच्या दंशावर काम करताना अशी साधी बिछान्याशेजारची तपासणी वापरली. पुढे १९९४ मध्ये ब्राझीलमधल्या अभ्यासाने दाखवले की तिथल्या सापांच्या दंशात या नळीचे उत्तर आणि फायब्रिनोजेनची घसरण यांचा चांगला मेळ बसतो.

या सूचनेतला प्रत्येक शब्द कामाचा आहे. नळी काचेची हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागले की गोठण्याची एक वाट सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत ती तशी होत नाही, आणि निरोगी रक्तही वीस मिनिटांनंतर पातळ दिसून फसवू शकते. नळी नवी हवी, कारण साबणाच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर राहिलेला अंश हाच गुण मारून टाकतो. मध्येच हलवून बघायचे नाही, कारण बनू लागलेली नाजूक गुठळी तुटते. शंका असेल तेव्हा सोबत आलेल्या निरोगी नातेवाइकाचे रक्त दुसऱ्या नळीत शेजारी ठेवावे. त्याचे गोठले आणि रुग्णाचे नाही, तर वादाला जागा राहत नाही. शिवाय नातेवाईक स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. मांत्रिकाकडे न्यायची भाषा करणारे घरही त्यानंतर थांबते. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ केसपेपरवर लिहावी. वीस मिनिटे डोक्यात मोजता येत नाहीत, रात्री तीन वाजता तर नाहीच.

या चाचणीवर टीकाही झाली आहे आणि ती प्रामाणिकपणे वाचली पाहिजे. श्रीलंकेत घोणसाच्या दंशात केलेल्या एका अभ्यासात तिने निम्म्याहून जास्त रुग्ण चुकवले. तिथल्याच नंतरच्या अभ्यासात, ती काटेकोरपणे केली तेव्हा, तिने पाचातले सुमारे चार रुग्ण बरोबर पकडले. माझा निष्कर्ष असा की चाचणी चांगली आहे, पण निष्काळजीपणा तिला सोसत नाही. आणि एका नळीवर भरवसा ठेवून रुग्णाला घरी पाठवणे तर कधीच बरोबर नाही. पहिली गोठली तरी सुरुवातीचे तीन तास दर तासाला आणि पुढे चोवीस तास दर सहा तासांनी ती पुन्हा करायची. विष दंशाच्या जागेतून हळूहळू रक्तात उतरते. सायंकाळी गोठलेले रक्त मध्यरात्री गोठेलच असे नाही.

नळीच्या जोडीला डोळे आणि कान. हिरड्यांतून पाझरणारे रक्त, थुंकीत रक्त, लाल लघवी, काळे शौच, सुई टोचलेल्या जागी न थांबणारा ओघळ, जुन्या वाळलेल्या जखमेतून नव्याने आलेले रक्त या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. कमी ओळखीच्या खुणा पोटात दुखणे, उलट्या, कंबरेच्या बाजूला वेदना आणि डोके दुखणे. सर्पदंशाच्या रुग्णाने डोके दुखते म्हटले की ते घाबरून आले असेल असे समजू नका. मेंदूतला रक्तस्राव अशाच तक्रारीने सुरू होतो. गालाजवळच्या लाळग्रंथी सुजणे आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पाणी साचल्यासारखी सूज येणे हे घोणसाच्या दंशातले फार गंभीर चिन्ह आहे. केशवाहिन्यांतून द्रव बाहेर गळू लागला आहे, हे ते सांगते.

आता उपचार. या रोगात एकच औषध मुळाशी पोचते आणि ते म्हणजे प्रतिविष, बोलीतले एएसव्ही. आल्बेर काल्मेत याने १८९० च्या दशकात नागाच्या विषावर पहिले प्रतिविष बनवले. घोड्याला विषाचे अगदी लहान आणि हळूहळू वाढत जाणारे डोस देऊन त्याच्या रक्तातून ते मिळवायचे ही मूळ रीत आजही तशीच आहे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. भारतातल्या प्रतिविषाचे प्रमाण ठरलेले आहे. एक मिलिलिटर प्रतिविष घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते. म्हणजे दहा मिलिलिटरची एक बाटली घोणसाच्या ६ मिलिग्रॅमला पुरते आणि दहा बाटल्या सुमारे ६० मिलिग्रॅमला. मोठा घोणस एका दंशात सरासरी जवळपास तेवढेच विष सोडतो. सुरुवातीला दहा बाटल्या देण्यामागे हा हिशेब आहे. मुलाला कमी द्यावे असे मनात येते, पण साप मुलाचे वजन बघून विष सोडत नाही. डोस तोच.

घोड्याच्या प्रथिनांची उलटी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचे आणि मगच सलाइनमधून प्रतिविष सुरू करायचे. पूर्वी कातडीखाली थोडेसे टोचून बघण्याची पद्धत होती. तिने कोणाला प्रतिक्रिया येईल हे कळत नाही, वेळ मात्र जातो. ती सोडून द्यावी. खाज, पुरळ, धाप, रक्तदाब घसरणे यांपैकी काही दिसले तर थांबवायचे, मांडीत ॲड्रेनलिन द्यायचे, रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू करायचे. प्रतिक्रियेच्या भीतीने प्रतिविषच न देणे हा आपल्याकडच्या सर्पदंशातला सर्वांत महाग निर्णय आहे, असे माझे ठाम मत आहे. तितकाच महाग दुसरा निर्णय म्हणजे पहिला डोस न देता रुग्णाला पुढे पाठवणे. गाडीत घालवलेल्या दोन तासांत विष थांबत नाही. प्राथमिक केंद्रात ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि एक धीट डॉक्टर असेल, तर पहिल्या दहा बाटल्या तिथेच सुरू व्हाव्यात, रेफरची चिठ्ठी त्यानंतर लिहावी.

प्रतिविष दिल्यावर लगेच रक्त गोठेल अशी अपेक्षा असते आणि इथे अनेक डॉक्टर अस्वस्थ होतात. विष निकामी झाले तरी खर्च झालेला माल यकृताला नव्याने बनवावा लागतो, त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून पुढची नळी सहा तासांनी लावायची. तेव्हाही रक्त पातळच असेल, तर विष अजून शिल्लक आहे असे समजून प्रतिविषाचा दुसरा डोस द्यायचा. मधल्या वेळात घाईघाईने प्लाझ्मा किंवा रक्त चढवण्याचा मोह होतो. मृगाच्या पहिल्या फसव्या सरीवर ज्याने सगळे बियाणे पेरले आणि पावसाने ताण दिला, त्या शेतकऱ्याने उधारीवर आणलेले बियाणे त्याच कोरड्या रानात पुन्हा टाकले तर काय होईल, तेच विष चालू असताना दिलेल्या प्लाझ्माचे होते. विषाला नवा माल मिळतो आणि तोही संपतो. श्रीलंकेत घोणसाच्या दंशात प्लाझ्माची रीतसर चाचणी घेऊन २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, त्यातही प्लाझ्माने रक्त लवकर गोठू लागले असे दिसले नाही. प्रतिविष पुरेसे देऊनही जिवावर बेतणारा रक्तस्राव चालू असेल, तर तिथे प्लाझ्माला जागा आहे; त्याचा विचार पुढच्या एका स्वतंत्र प्रकरणात केला आहे.

हेपॅरिनबद्दल मात्र मी नरमाईने लिहू शकत नाही. अनेक दशके या विकाराला डीआयसी म्हणत आले, म्हणजे रक्तवाहिन्यांत सर्वत्र गुठळ्या होण्याचा तो रोग जो जंतुसंसर्गात किंवा बाळंतपणातल्या अपघातात होतो. तपासणीचे कागद दोन्हींत सारखे दिसतात, म्हणून हा समज झाला, आणि त्या समजातून गुठळ्या रोखायला हेपॅरिन दिले गेले. ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री इस्बिस्टर यांनी हा वेगळा विकार आहे हे ठासून मांडले. इथे साधारणतः अवयवांत गुठळ्या साचत नाहीत, आणि विष थांबले की एक-दोन दिवसांत गोठणे पूर्वपदावर येते. शिवाय इकॅरिनने बनवलेल्या थ्रॉम्बिनसदृश रेणूवर हेपॅरिनचा प्रभाव पडत नाही. ज्याच्या रक्तात गोठण्याचा मालच उरलेला नाही त्याला गोठणे रोखणारे औषध देण्यात काही शहाणपण नाही.

बाकीची काळजी साधी आहे आणि तिचा कंटाळा करू नये. प्रतिक्रियेवरचे ॲड्रेनलिन सोडले तर स्नायूत इंजेक्शन द्यायचे नाही. सुई काढल्यावर जागा नीट दाबून धरायची. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची घाई करायची नाही. दुखण्यासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल पुरते. सुजून टरारलेला पाय बघून शल्यविशारदाचा हात चिरा द्यायला शिवशिवतो. रक्त गोठू लागण्याआधी दिलेला चिरा रुग्णाचा जीव घेऊ शकतो. लघवी दर तासाला मोजायची, कारण घोणसाच्या दंशात मूत्रपिंड लवकर थकते. गावपातळीवर सांगायचे ते याहून थोडे. दोरी आवळू नका, जखमेवर ब्लेड मारू नका, कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन कडू लागतो की नाही हे बघत बसू नका. पाय हलू न देता, माणसाला चालायला न लावता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा.

फुरशाच्या बाबतीत एक वेगळा धोका आहे. सूज उतरते, माणूस बरा वाटतो आणि कामाला लागतो. प्रतिविष न मिळालेल्या अशा रुग्णाचे रक्त आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस, न गोठणारे राहू शकते. आठव्या दिवशी अचानक अर्धांगवायू झालेल्या तरुण शेतमजुराच्या घरी कोणालाही त्या छोट्या दंशाची आठवण होत नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे आणि ती मोठ्या शहरांत जन्मलेली नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून जगाचे लक्ष वेधले, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशावरही त्यांनी लिहिले. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी जुन्नर परिसरात सर्पदंशाचा मृत्यू होऊच नये या ध्येयाने काम उभे केले. तालुक्याच्या गावात राहून, रुग्ण बघता बघता नोंदी ठेवल्या तर त्यातून विज्ञान उभे राहते, हे या मंडळींनी सिद्ध केले आहे. नव्या डॉक्टरने यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट औषधाच्या डोसची नाही, नोंदवहीची आहे.

नोंदींची गरज किती आहे हे एका आकड्यावरून कळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज काढला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. रुग्णालयांच्या कागदांवर यातला छोटा भागच दिसत होता. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, आणि त्याच वर्षाअखेर प्रत्येक दंशाची व मृत्यूची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. यातून जे कागद जमतील ते वाचणारे, त्यांच्यातून प्रश्न काढणारे लोक हवे आहेत. हे पुस्तक वाचणाऱ्यांतून काही जण तसे निघावेत.

प्रश्न पुष्कळ आहेत. प्रतिविषासाठी लागणारे बरेचसे विष आजवर तमिळनाडूतल्या इरुला साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येत आले. इरुलांचे हे कौशल्य आपल्या सर्वांवर उपकार करणारे आहे. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने आणि इतरांनी दाखवले आहे. राजस्थानच्या वाळवंटातल्या फुरशाच्या दंशाला सध्याचे प्रतिविष नीट उतरत नाही, असा तिथल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात नाक वर उचललेला एक छोटा चापडा आढळतो. त्याच्या दंशानेही रक्ताचे गोठणे बिघडते आणि मूत्रपिंडाला इजा होते, आणि त्याच्यावर भारतात प्रतिविषच नाही. केरळातल्या डॉक्टरांनी हे ओळखले, कारण प्रतिविष भरपूर देऊनही ज्यांचे रक्त गोठत नव्हते अशा रुग्णांना चावलेला साप त्यांनी नीट तपासून घेतला. आपल्याकडे सिंधुदुर्गात, गोव्यात, चंदगड-आजऱ्याच्या जंगलपट्ट्यात असा रुग्ण आला, तर त्याच्याकडे याच नजरेने बघावे लागेल. विषातल्या विकरांना थेट अडवणाऱ्या गोळ्यांवरही संशोधन चालू आहे. रुग्णालयात पोचण्याआधी गावातच देता येईल असे काही हाती लागले, तर इकॅरिनसारख्या विकरांचा माल संपवण्याचा वेग वाटेतच रोखता येईल. अजून तो दिवस आलेला नाही.

एक भाग अगदीच मोकळा पडला आहे: रुग्ण घरी गेल्यानंतरचा. म्यानमारमध्ये घोणसाच्या दंशातून वाचलेल्या काही रुग्णांची पिट्युटरी ग्रंथी कायमची निकामी झालेली आढळली आणि १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. नंतर भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले. थकवा, कमी रक्तदाब, थंडी सहन न होणे, काखेतले केस जाणे, स्त्रियांत पाळी बंद होणे अशा तक्रारी घेऊन माणूस दंशानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी भलत्याच ओपीडीत येतो आणि रक्त वाढवण्याच्या गोळ्या घेऊन परत जातो. काहींचे मूत्रपिंड पूर्ण सावरत नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तारखा घालणे, सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि थायरॉइड व कॉर्टिसोल तपासणे, आणि साध्या ओपीडीच्या केसपेपरवरसुद्धा पूर्वी कधी साप चावला होता का हा प्रश्न छापून घेणे, याला फार खर्च येत नाही. शेवटच्या दोन प्रकरणांत त्यासाठीचे नमुना कागद दिले आहेत. ते आपल्या रुग्णालयात तसेच उचलून वापरावेत, सोयीप्रमाणे बदलावेत, आणि भरल्यावर जपून ठेवावेत.